पुढच्या ब्रेकमधली हवा

ब्रेक लागला नाही, हे म्हणणं सर्व्हेअरसाहेबांना मान्य नव्हतं. त्यांच्या मते ब्रेक लागला होता, फक्त जरा उशिरा, आणि तोही पत्रपेट्यांच्या स्टँडच्या मदतीने.

झालं होतं ते असं. बायकोला मागे बसवून, भाजीची पिशवी दोघांच्या मध्ये ठेवून साहेब घरी येत होते. सोसायटीच्या फाटकाआधी छोटासा उतार आहे. उतारावर त्यांनी पुढच्या ब्रेकची लिव्हर दाबली, तर ती उशीत बोट रुतावं तशी मऊपणे थेट मुठीपर्यंत आली. मागच्या ब्रेकवर पाय दिला, तर मागच्या चाकाने एक दीर्घ किंकाळी फोडली, पण त्यापलीकडे काही करायची तयारी दाखवली नाही. मोटारसायकल अगदी सभ्य वेगाने फाटकातून आत आली आणि नव्या कोऱ्या पत्रपेट्यांच्या स्टँडला टेकली. स्टँड सावकाश आडवा झाला. मोटारसायकल उभीच राहिली. साहेबही तिच्यावर ताठ बसून राहिले, जणू इथंच थांबायचं ठरलं होतं.

मागे वळून पाहिलं, तर बायको सीटवर नव्हती. ती फाटकाबाहेर पिशवी छातीशी धरून उभी होती. कधी उतरली, कशी उतरली, देव जाणे.

"लागलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही. मी येते चालत."

दार समोरच होतं, त्यामुळे चालत येण्यात तसं विशेष काही नव्हतं. पण चहा ओतताना ती म्हणाली, "यापुढे मी तुमच्या मागे बसणार नाही." घरातलं मीठ संपलंय, हे ज्या आवाजात सांगायचं, त्या आवाजात. रागावून म्हणाली असती, तर राग जाईपर्यंत थांबता आलं असतं. हे तसं नव्हतं.

साहेबांना ते का लागलं, हे कळायला त्यांचा पेशा ठाऊक हवा. ते विमा कंपनीत सर्व्हेअर होते. मोडलेल्या गाड्या बघायच्या, मालकाला "नक्की काय झालं?" असं विचारायचं, आणि दावा द्यावा की देऊ नये ते लिहायचं, हे त्यांचं काम. "साहेब, ब्रेक लागलाच नाही हो," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलं होतं की समोरचा तोंड उघडायच्या आतच त्यांचं पेन 'देखभालीत हलगर्जीपणा' असं लिहायला लागायचं. आता स्वतःचाच ब्रेक लागला नव्हता. गाडी गॅरेजमध्ये न्यावी, तर गावातला झाडून सगळा मेकॅनिकवर्ग त्यांना ओळखत होता. संध्याकाळच्या आत बातमी पसरली असती, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या तोंडाने कुणाला विचारायचं की नक्की काय झालं?

म्हणून त्यांनी ठरवलं, ब्रेक घरीच दुरुस्त करायचा. बायकोने एवढंच विचारलं, "तुम्हाला येतो?"

"मी आयुष्यभर ब्रेकच बघतोय," साहेब म्हणाले. हे खरं होतं. पण बघितलेले सगळे मोडलेले होते, हा मुद्दा त्या वेळी दोघांपैकी कुणाच्या लक्षात आला नाही. निदान साहेबांच्या तरी नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष आले. अध्यक्ष पूर्वी एका मोठ्या कचेरीत होते. तिथं एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर जाताना तिने वाटेत कुठे कुठे विसावा घ्यायचा, हे ते ठरवायचे. निवृत्त झाल्यावर हाताशी फायली उरल्या नाहीत, म्हणून ते माणसांकडे वळले होते. पत्रपेट्या का पडल्या, याचा खुलासा त्यांना लेखी हवा होता.

साहेब कागद घेऊन बसले. इतरांच्या बाबतीत जे वाक्य पेनातून आपोआप उतरायचं, ते स्वतःच्या बाबतीत काही केल्या उतरेना. दोन-तीन कागद फाडल्यावर त्यांनी लिहिलं, 'वाहनाच्या पुढील ब्रेकने ऐनवेळी अपेक्षित साथ दिली नाही.' अध्यक्षांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा वाचलं.

"साथ दिली नाही म्हणजे? कुणाला?"

"मला."

"आणि तुम्ही ब्रेकला?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. हा प्रश्न त्यांनी स्वतः कधी कुणाला विचारला नव्हता. पण प्रश्न चांगला आहे, हे मनातल्या मनात त्यांना मानावंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारसायकलीपुढे उकिडवे बसून चाकाकडे पाहत होते. वरच्या गॅलरीतून कंपाउंडर खाली आले. कंपाउंडर म्हणजे वरच्या मजल्यावरचे म्हातारे. डॉक्टरांच्या हाताखाली हयात घालवलेली. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, पण कंपाउंडरांची औषधं द्यायची ऊर्मी काही गेली नाही. माणूस असो, झाड असो की पंखा असो, त्यांची तपासायची पद्धत एकच होती.

"काय होतंय हिला?"

"ब्रेक धरत नाही."

"आवाज येतो?"

"येतो. घासल्यासारखा."

"खरखरीत की चिरका?"

साहेबांनी विचार केला. "आधी खरखरीत, मग चिरका."

"म्हणजे कोरडेपणा," कंपाउंडर म्हणाले. "वंगण नाही. दोन थेंब तेल सोडा. सकाळ-संध्याकाळ."

साहेबांना ते पटलं. का पटलं, याचा पुढे त्यांनी बराच विचार केला. पण सल्ला देणाऱ्याच्या आवाजात इतका ठामपणा असला, की ऐकणाऱ्याची अक्कल थोडा वेळ बाहेर फिरायला जाते, यापलीकडे त्यांना कारण सापडलं नाही. त्यांनी बायकोच्या शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली आणि ब्रेकच्या चकतीवर, जिला धरून ठेवल्यामुळेच चाक थांबायचं असतं त्या गुळगुळीत चकतीवर, निगुतीने तेल सोडलं. चाक फिरवून ते सगळीकडे नीट पसरवलंसुद्धा.

आवाज गेला. अगदी निःशेष गेला.

मग चाचणी. सोसायटीच्या आवारात, माणूस चालतो त्या वेगाने. साहेबांनी लिव्हर दाबली. गाडीने तिकडे मुळीच लक्ष दिलं नाही. ती शांतपणे, कसलाही आवाज न करता, आवाराच्या टोकाला असलेल्या मेंदीच्या कुंपणात शिरली आणि तिथं रुतून बसली. साहेबांचा चष्मा एका फांदीला लटकला. गॅलरीतून कंपाउंडर हे सगळं पाहत होते.

"आवाज गेला ना?" त्यांनी वरून विचारलं.

"गेला," कुंपणातून साहेब म्हणाले.

स्पेअर पार्टच्या दुकानात त्यांनी "एका ओळखीच्या गाडीसाठी" म्हणून चौकशी केली. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "ब्रेक पॅडला तेल कुणी लावलं?" साहेबांच्या बोटांना वास येत असावा. त्यांनी सांगितलं की ओळखीच्या माणसाने. दुकानदार म्हणाला की तेल प्यालेले पॅड आता फेकून द्यायचे, चकती स्वच्छ धुवायची, नवे पॅड बसवायचे. आणि लिव्हर जर मऊ लागत असेल, तर ब्रेकच्या नळीत हवा शिरली असणार. ती काढून ब्रेक ऑईल नवं भरायचं. "आणि ओळखीच्याला सांगा, ब्रेक ऑईल रंगावर सांडू देऊ नका. रंग खातं ते." साहेबांनी पॅड घेतले, ब्रेक ऑईलचा डबा घेतला. पण शेवटचं वाक्य ऐकताना ते, आपल्याला कुणी ओळखीचं बघत तर नाही ना, म्हणून दाराकडे पाहत होते.

पार्किंगमध्ये त्यांनी वर्तमानपत्र अंथरलं, पाने मांडले, आणि पहिल्या नटाला पाना लावला मात्र, मागे अध्यक्ष उभे.

"इथं दुरुस्तीला मनाई आहे."

"ही दुरुस्ती नाही. देखभाल आहे," साहेब म्हणाले. या विषयात त्यांना कुणी शिकवावं, हे त्यांना पसंत नव्हतं.

अध्यक्षांनी थोडा विचार केला. असे प्रश्न त्यांना मनापासून आवडत. "नट आवळणं ही देखभाल," ते म्हणाले. "नट सोडवणं ही दुरुस्ती. तुम्ही पाना कोणत्या बाजूला फिरवत होता?"

साहेब कोणत्या बाजूला फिरवत होते ते दोघांनाही दिसत होतं.

"परवानगी घ्या. अर्ज समितीपुढे ठेवतो. सचिव गावाला गेलेत, ते आले की बैठक लावू."

"कधी येतील?"

"कळवलेलं नाही. आणि हो, धोकादायक स्थितीतलं वाहन पार्किंगमध्ये ठेवता येत नाही. तोपर्यंत कुठेतरी हलवा."

"ब्रेक नसलेली गाडी मी कुठे हलवू?"

"तो दुरुस्तीचा भाग झाला," अध्यक्ष म्हणाले, "त्याचा अर्ज वेगळा."

साहेबांचं घर तळमजल्यावर होतं, हे चांगलं झालं की वाईट, ते सांगणं कठीण आहे. चपलांचं कपाट बाहेर काढून, दाराचा एक अडसर काढून, हँडल आधी डावीकडे मग उजवीकडे वळवून त्यांनी मोटारसायकल आत घेतली. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि हॉल एकदम लहान झाला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिचा शिवणवर्ग याच हॉलमध्ये भरायचा.

"माझ्या बायका यायच्या आत बाहेर काढा," ती म्हणाली.

"आत्ता होईल."

आत्ता झालं नाही. पुढच्या चाकाजवळचा तो जड भाग, ज्याला कॅलिपर म्हणतात आणि ज्याच्या पोटात चकतीला चिमटणारे पॅड असतात, तो काढायलाच दुपार झाली. एक नट हलेना. त्याच्यावर साहेब उभे राहिले, तेव्हा पाना वाकला. बायका आल्या, तेव्हा कॅलिपर तारेला लोंबकळत होता आणि साहेब जमिनीवर बसून बोट चोखत होते. बायकांनी काही विचारलं नाही. त्या गाडीभोवती अर्धवर्तुळ करून बसल्या. थोड्या वेळाने एकीने मापाची टेप हँडलला अडकवली, दुसरीने सीटवर कापड टाकून खडूने खुणा केल्या, आणि वर्ग संपेपर्यंत मोटारसायकल शिवणवर्गाचीच वाटायला लागली. जाताना एकजण म्हणाली, "बाई, उद्याही आहे का हे? सीटवर कापायला बरं पडतं."

साहेब आतल्या खोलीत पलंगावर बसून होते. त्यांना हे सगळं ऐकू येत होतं.

मेहुण्याचा फोन आला तो अशा वेळी. मेहुणा पाणी शुद्ध करायची यंत्रं विकायचा. दिवसभर लोकांना पटवत राहायची सवय, त्यामुळे गप्प बसला तर त्याला अस्वस्थ व्हायचं. बहिणीकडून त्याला सगळं कळलं होतं.

"भाऊजी, एकच करा. कॅलिपरमधला पिस्टन, पॅडला ढकलतो तो, मोकळा आहे का तेवढं बघा. अडकला असेल तर नवे पॅड घालून काही उपयोग नाही."

"कसा बघायचा?"

"लिव्हर दाबायची. पिस्टन हलताना दिसला पाहिजे."

"कॅलिपर बाहेर लोंबकळतोय."

"मग तर छानच दिसेल."

साहेबांनी फोन सीटवर ठेवला, स्पीकर चालू केला, आणि लिव्हर दाबली. पिस्टन किंचित पुढे सरकला. पुन्हा दाबली. आणखी सरकला. यंत्र आपलं ऐकतंय, ही भावना त्यांना फार दिवसांनी मिळत होती. पत्रपेट्या पडल्यापासून त्यांचं कुणीच ऐकलं नव्हतं. ते दाबत राहिले. एका दाबाला टप् असा आवाज झाला, पिस्टन उडून सोफ्याखाली गेला, आणि मागोमाग ब्रेक ऑईलची एक पिचकारी सुटली ती समोरच्या शिवणयंत्राच्या टेबलावर.

"दिसला का?" फोनमधून मेहुण्याने विचारलं.

"बाहेर आला."

"म्हणजे मोकळा आहे," मेहुणा म्हणाला. "चला, एक काळजी मिटली."

साहेबांनी घाईघाईने फडकं घेऊन टेबल पुसायला घेतलं. फडक्याबरोबर टेबलाचं पॉलिशही निघून आलं. त्यांनी आणखी जोरात पुसलं, तर आणखी निघालं. ते थांबले, तेव्हा तळहाताएवढ्या जागेत उघडं, फिकट लाकूड दिसत होतं. दुकानदाराचं शेवटचं वाक्य त्यांना आत्ता नीट ऐकू आलं.

ते टेबल बायकोने स्वतः घासून, स्वतः पॉलिश करून वर्षानुवर्षं सांभाळलेलं होतं. त्याच्यावर गरम कप ठेवायची पाहुण्यांनाही मुभा नव्हती. ती बाहेर आली. टेबलाकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. कपाटातून एक जुना कापडाचा तुकडा काढून त्या जागेवर टाकला, खुर्ची ओढली, आणि एका फ्रॉकची अर्धवट राहिलेली बाही शिवायला बसली. यंत्राचा आवाज हॉलभर घुमत राहिला.

तिने चार शब्द सुनावले असते, तर साहेबांना बरं वाटलं असतं. सुनावणाऱ्याला निदान उत्तर देता येतं. या खटखट आवाजाला काय उत्तर देणार?

"मी पॉलिशवाला आणतो," ते म्हणाले.

"आधी हातातलं पुरं करा."

साहेब जमिनीवर आडवे होऊन सोफ्याखाली पिस्टन शोधू लागले. तिथं अंधार होता, जळमटं होती, आणि बाहेरून कुणाला त्यांचं तोंड दिसत नव्हतं. ते जरुरीपेक्षा थोडा जास्त वेळ तिथं राहिले. नक्की काय झालं, हे आत्ता त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनाही सांगता आलं नसतं. सुरुवात ब्रेकपासून झाली होती, एवढं आठवत होतं. ब्रेक लागलाच नाही हो, हे वाक्य त्यांना नेहमी पळवाट वाटायचं. सोफ्याखालून ते तसं वाटत नव्हतं. माणसाची सगळी हकिगत त्यात येत होती, आणि पुढे बोलायला काही उरत नव्हतं.

पिस्टन सापडला. पुढचे काही दिवस साहेब बसने कामावर गेले आणि येताना काही ना काही घेऊन आले. रबराची नवी सीलं आणली. पिस्टन धुऊन पुसून, सीलांना ब्रेक ऑईलचं बोट लावून, अंगठ्यांनी दाबत दाबत तो जागेवर बसवला. चकती साबणाने, मग पेट्रोलने धुतली. नवे पॅड घातले. मागच्या ब्रेकची लायनर झिजली होती, ती बदलली, दांड्याचा नट आवळला, आणि मागचं चाक निमूटपणे थांबायला लागलं. या कामांत त्यांची तीन बोटं सोलली, पण मनगटात काहीतरी आलं. आता ते नटाला दम देत नसत, आधी जरा चाचपून बघत.

राहिली ती हवा. नवं ऑईल भरलं, तरी लिव्हर मऊच लागत होती. हवा काढायची रीत साहेबांनी दुकानदाराकडून, आता ओळखीच्याचं नाव न घेता, नीट समजून घेतली होती. वर लिव्हर दाबून धरायची, त्याच वेळी खाली कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून हवेचे बुडबुडे बाटलीत येतात. स्क्रू आवळायचा, मगच लिव्हर सोडायची. पुन्हा पहिल्यापासून.

अडचण अशी, की लिव्हर हँडलवर आणि स्क्रू चाकापाशी. देवाने माणसाला हात दिले ते मोटारसायकल तयार व्हायच्या आधी. साहेबांनी लिव्हर दोरीने बांधून पाहिली, दोरी सुटली. शिवणवर्गातलं इलॅस्टिक गुंडाळून पाहिलं, ते ताणलं गेलं आणि तुटून गालावर बसलं. शेवटी त्यांनी जमिनीवर आडवं होऊन डावा पाय हँडलपर्यंत नेऊन पाहिला, आणि त्या अवस्थेत ते असताना कंपाउंडर साहेबांनी मागितलेली रिकामी बाटली द्यायला आत आले. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, बाटली हळूच खाली ठेवली, आणि "कंबर जपा" एवढं बोलून निघून गेले.

बायको यंत्रावरून उठली. "काय करायचं असतं?"

साहेबांनी पाय खाली घेतला. "वर दाबून धरायचं. मी खाली उघडतो."

तिने स्टूल ओढलं, गाडीशेजारी बसली, लिव्हरवर हात ठेवला.

"दाब," साहेब खालून म्हणाले. तिने दाबलं. त्यांनी स्क्रू सैल केला. नळीत बुडबुड्यांची रांग धावली. साहेबांना इतका आनंद झाला की ते म्हणाले, "सोड." तिने लिव्हर सोडली. स्क्रू अजून उघडाच होता. सगळे बुडबुडे उलटे फिरून आत गेले.

"अगं, सोडलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात."

"ते मी स्वतःला म्हणालो. स्क्रू सोड, असं."

"मग स्वतःशी मनात बोला," ती म्हणाली. "आणि माझ्याशी तोंडाने."

साहेब खाली पडल्या पडल्या छताकडे बघत राहिले. मग ठरलं, की तिने "धरलंय" म्हणायचं आणि त्यांनी "बंद केलं" म्हणायचं, आणि मधे कुणी काही बोलायचं नाही. काम सुरू झालं. धरलंय. बंद केलं. धरलंय. बंद केलं. नळीत बुडबुडे येत होते, फुटत होते.

"मी त्या दिवशी का उतरले, माहितेय?" बायकोने मधेच विचारलं.

"ब्रेक लागला नाही म्हणून."

"ब्रेक काय, कुणाचेही जातात. गाडी थांबत नाहीये, हे तुम्हाला उतारावरच कळलं होतं. मी मागे बसलेय, मला पाठ दिसते तुमची. एकदम ताठ झालात. आणि बोलला नाहीत."

साहेबांच्या हातातला पाना तसाच राहिला. "तू घाबरली असतीस."

"घाबरले असते, तर वेळेवर तरी उतरले असते. त्याऐवजी फाटकापाशी आल्यावर मी अंदाजाने उडी मारली. गुडघा अजून दुखतोय."

"सांगितलं नाहीस."

"तुमच्याकडूनच शिकले," ती म्हणाली. "धरलंय."

साहेब खालून तिच्या गुडघ्याकडे पाहत होते.

"धरलंय, म्हटलं."

"हो. बंद केलं," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज थोडा घसरला होता. आडवं पडल्यामुळे असेल.

हळूहळू बुडबुडे कमी झाले. मग एखाददुसरा. मग नळीतून नुसतं स्वच्छ ऑईल यायला लागलं. साहेब काही विचारणार, एवढ्यात वरून ती म्हणाली, "अहो, आता लागतंय हाताला." ते उठले. तिचा हात लिव्हरवर होताच. त्यांनी त्यावरूनच दाबून पाहिलं. लिव्हर अर्ध्या वाटेत ठामपणे थांबली, पुढे यायला तयार होईना.

पॉलिशवाल्याचं पुन्हा निघालं, तेव्हा तिने नको म्हटलं. "माझं मी करेन. तुम्ही फक्त त्या टेबलाजवळ काही दुरुस्त करू नका."

गाडी बाहेर काढली. साहेबांनी आवारात चकरा मारल्या, दर वेळी ब्रेक लावला, दर वेळी गाडी थांबली. मग ते दारापाशी येऊन उभे राहिले. बसतेस का, असं त्यांनी विचारलं नाही. "हवा सगळी निघाली असावी, असं मला वाटतं," ते म्हणाले. "खात्री देत नाही. हळू चालवीन. काही वाटलं, तर सांगेन."

बायकोने पदर खोचला आणि मागे बसली.

साहेबांनी शब्द पाळला, अंमळ जास्तच पाळला. "आता वळतोय." "आता खड्डा आहे." "ब्रेक लावतोय, लागला." "समोर सायकलवाला आहे, दिसतोय मला." बाजाराच्या अलीकडेच ती म्हणाली, "अहो, बातम्या नकोत. काही बिघडलं, तरच सांगा." मग ते गप्प झाले. पण ती गप्प राहण्याची तऱ्हा वेगळी होती, आणि पाठही ताठ नव्हती.

परतताना ते फाटकापाशी आले, आणि त्याच क्षणी भिंतीआडून अध्यक्ष बाहेर पडले. मान खाली, हातात कसलेसे कागद. वाचत वाचत ते नेमके चाकासमोर आले. साहेबांना विचार करायला वेळ नव्हता. "थांबवतोय," एवढंच तोंडातून निघालं आणि हात आवळला गेला. गाडीने नाक खाली केलं आणि जागच्या जागी थांबली. पुढचं चाक आणि अध्यक्षांचा इस्त्रीचा पायजमा, यांच्यामध्ये वीतभर जागा उरली. बायको साहेबांच्या पाठीवर आदळली, पण सीटवरच होती.

अध्यक्षांनी कागदातून मान वर केली. चाकाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"फाटकात गाडी उभी करता येत नाही," ते म्हणाले. "येणाऱ्या-जाणाऱ्याला अडथळा होतो."

"चुकलं," साहेब म्हणाले. पायांनी रेटत त्यांनी गाडी मागे घेतली आणि वाट मोकळी करून दिली. अध्यक्ष कागद वाचत निघून गेले. ते बरेच लांब जाईपर्यंत दोघंही त्यांच्याकडे बघत राहिले. ते धडधाकट चालत होते, एका दगडाला ठेचकाळले, सावरले, पुन्हा चालू लागले.

"त्यांना कळलंसुद्धा नाही," बायको म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. जे झालं नाही, त्याचा दावा घेऊन त्यांच्या टेबलापुढे आजवर कुणी आलं नव्हतं, हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात येत होतं.

"मला कळलं," ती म्हणाली.

एकदम थांबल्यामुळे इंजिन बंद पडलं होतं. साहेबांनी किक मारली. पुन्हा मारली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. वरच्या गॅलरीत कंपाउंडर येऊन कठड्याला टेकले आणि लक्ष देऊन ऐकू लागले. साहेबांनी आणखी एक किक मारली, घाम पुसला, आणि मागे वळले.

"सुरू होत नाहीये," त्यांनी सांगितलं.

"बरं," बायको म्हणाली. ती खाली उतरली, पिशवी हँडलला अडकवली, आणि दुखरा गुडघा सांभाळत मागून ढकलायला लागली.